घर कुणाचं?

कुलूप उघडायला आलेल्या माणसानं हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी विचारावं, "घर कुणाचं?" ज्याला हा प्रश्न सुचत नाही, त्याच्या हाताला कितीही सफाई असो, त्याला मी कुलपाला हात लावू देणार नाही. आज माझ्यासाठी काही न विचारता जो दार उघडतो, तो उद्या माझ्या माघारी दुसऱ्या कुणासाठीही तेच दार उघडेल, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटणार नाही.

रात्री अकरा वाजता जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला हे सुचणं अवघड असतं, याची मला जाणीव आहे. अशा वेळी तोंडून दोनच प्रश्न येतात: किती वेळात येणार आणि किती घेणार? दोन्ही रास्त आहेत. पण ज्याच्या हाती आपण घराचं दार सोपवतो आहोत, तो माणूस कसा आहे हे त्या दोन उत्तरांतून कळत नाही. तो आपल्याला काय विचारतो, त्यावरून ते कळतं.

माझं लहानपण पुण्यातल्या एका वाड्यात गेलं. तिथे कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकून पडल्याचं मला आठवत नाही. रात्री दिंडी दरवाजाला आतून अडसर लागायचा. उशिरा येणाऱ्यानं कडी वाजवायची, मग कुणीतरी उठायचं, दोन शब्द सुनवायचं आणि दार उघडायचं. खोल्यांच्या दारांना कडी-कोयंडा होता आणि त्यात कुलूप अडकवायला माणसाचा हात लागायचा. शिवाय घर सगळं रिकामं असं कधी नसेच. आजी असायची, बाळंतपणाला आलेली आत्या असायची, परीक्षेसाठी गावाकडून आलेला चुलतभाऊ असायचा.

लॅच आमच्या आयुष्यात आलं ते ब्लॉकमध्ये राहायला गेल्यावर. आपल्या आपण लागणारं आणि बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारं दार ही मोठी सोय होती. घरात पाच माणसं असताना तिचा जाच कुणाला जाणवला नाही. तो जाणवू लागला घरं लहान आणि माणसं एकेकटी झाल्यावर. नोकरीसाठी आलेली मुलगी, दोन्ही मुलं परदेशी असलेले आजोबा, रात्रपाळी करून पहाटे परतणारी नर्स. आतून दार उघडायला ज्यांच्या घरी दुसरं कुणी नाही, अशीच माणसं बहुतेक वेळा जिन्यात अडकलेली दिसतात. दुधाची पिशवी घ्यायला म्हणून दोन पावलं बाहेर यावं, गॅलरीतून वाऱ्याचा झोत यावा आणि पाठीमागे खट्ट व्हावं. अंगावर गाऊन, पायात घरातल्या सपाता. मोबाइल आत चार्जिंगला, पर्स आत, आधार कार्ड आत. हे घर माझंच आहे असं सांगणारा एकूण एक कागद त्या बंद दारापलीकडे असतो. त्या क्षणी आपण कोण, हे फक्त आपल्याला ओळखणारी माणसं सांगू शकतात.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी, कारण तिथे चावीवाला शोधत बसायचं नसतं. आत गॅस चालू असेल, लहान मूल एकटं असेल आणि त्यानं आतून कडी लावून घेतली असेल, किंवा म्हातारं माणूस न्हाणीघरात पडलं असेल आणि हाकेला ओ देत नसेल, तर थेट १०१ ला फोन करायचा. ११२ ही चालतो. अग्निशमन दल फक्त आगीसाठी असतं अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात पुण्यामुंबईत घरात अडकलेल्या मुलांना आणि वृद्धांना बाहेर काढणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. शिडीनं किंवा वरच्या मजल्यावरून दोरानं गॅलरीत उतरून ते आतून दार उघडतात, आणि दार तोडायची वेळ आलीच तर त्याची साधनं त्यांच्याजवळ असतात. मूल रडत असताना कुलपाची किंमत मनात आणू नये.

बाकी वेळी चावीवाला.

आमच्या भागातला चावीवाला चौकात, वडाच्या पारापाशी बसतो. लाकडी पेटी, तिच्या कडेला घट्ट बसवलेला छोटा शेगडा, निरनिराळ्या कानशी आणि मागे फळीवर टांगलेल्या शेकडो कच्च्या चाव्या. तो शिकलगार शीख आहे. महाराष्ट्रात पुण्यापासून नांदेडपर्यंत या समाजाच्या वस्त्या आहेत, पुण्यात रामटेकडीला आहे. आपले पूर्वज गुरू गोविंदसिंगांच्या फौजेसाठी तलवारी आणि भाले घडवत, त्यांना धार लावत, असं ते अभिमानानं सांगतात. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा आणला आणि परवान्याशिवाय हत्यार घडवणं, विकणं, बाळगणं गुन्हा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या पोलाद ओळखणारे हात मग कढया, बादल्या, विळ्या आणि कुलपांकडे वळले. चावी करण्याचं काम काही एकट्या त्यांचं नाही. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर आहेत, आपली मराठी मुलंही आहेत. पण चौकातला चावीवाला म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पगडीच उभी राहते.

हरवलेल्या किल्लीची नवी किल्ली तो कशी करतो, हे मी त्याच्या शेजारी उभी राहून पाहिलं आहे. कच्ची चावी कुलपात घालायची आणि हलका पीळ द्यायचा. मग ती बाहेर काढून उन्हात तिरपी धरायची. आतल्या पिना जिथे रुतल्या असतील, तिथे पितळेवर टाचणीच्या टोकाएवढी खूण उमटते. त्या खुणेवर कानशीचे दोन हात मारायचे, चावी पुन्हा आत, पुन्हा पीळ, पुन्हा उन्हात. कुलूप आपल्या पोटातलं त्या पितळेवर थोडं थोडं लिहून देतं आणि तो ते वाचत जातो. घाई केली तर चावी जास्त घासली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्याच्या वडिलांनी त्याला पहिली दोन वर्षं नुसती कानस धरायला लावली होती म्हणे. मला हे काम पाहताना नेहमी आदर वाटतो, आणि त्याच्याशी पैशाची घासाघीस करणाऱ्यांचा राग येतो. "पाच मिनिटांचं तर काम, त्याचे एवढे?" असं म्हणणारा माणूस त्या पाच मिनिटांमागची वर्षं मोजायचं विसरतो. उलट ज्याला काम येत नाही, तो तासभर खटपट करतो, लॅच फोडतो, नव्या लॅचचे पैसे घेतो आणि दाराच्या चौकटीला कायमचा टवका पाडून जातो.

म्हणून फोनवरच तीन रकमा विचारून घ्याव्यात. यायचे किती, उघडायचे किती, आणि कुलूप फोडावं लागलं तर नव्यासकट किती. जाणता कारागीर साधारण आकडे लगेच सांगतो, कारण लॅच कुठलं, नुसतं ओढलं गेलं आहे की किल्लीनं दोनदा फिरवून बंद केलं आहे, हे विचारल्यावर त्याला कामाचा अंदाज येतो. नुसतं ओढलं गेलेलं साधं लॅच न फोडता उघडतं, ही त्या धंद्यातली उघड गोष्ट आहे. अशा दारापाशी येताक्षणी कुणी ड्रिल बाहेर काढत असेल तर त्याला थांबवावं आणि दुसऱ्याला बोलवावं, मग यायचे पैसे गेले तरी चालतील. मात्र पूर्ण फिरवून बंद केलेलं चांगल्या प्रतीचं कुलूप असेल, तर ड्रिल खरोखरच लागू शकतं. तसं तो आधी सांगेल, कारण देईल आणि आपल्या होकाराची वाट पाहील.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या मजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहायला आली होती. सामान लागून आठवडाही झाला नसेल, इतक्यात एका संध्याकाळी ती बाहेर अडकली. मी चौकातल्या चावीवाल्याला बोलावलं. तो वर आला, दाराकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, "ताई, घर कुणाचं?" ती म्हणाली, माझं. "तसं कागद काही?" कागद आत. "घरमालकांना फोन लावा." मालक बंगळूरला, फोन लागेना. मुलगी वैतागली. पैसे मी देते आहे, तुम्हाला दार उघडायला काय हरकत आहे, असं तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही खऱ्याच असाल. पण मला ते ठाऊक नाही ना." मग त्यानं वॉचमनला वर बोलावलं, माझ्याकडे पाहून विचारलं, "काकू, तुम्ही ओळखता?" मी हो म्हटलं, वॉचमननं हो म्हटलं, तेव्हा कुठे पिशवी उघडली. दार उघडलं तरी तो आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "आता आधार कार्ड दाखवा आणि भाडेकरारही." तिनं दोन्ही आणून दाखवलं. त्यानं करारावरचा फ्लॅट नंबर दारावरच्या नंबराशी ताडून पाहिला, पैसे घेतले आणि वॉचमनच्या वहीत स्वतःचं नाव लिहून गेला.

त्या मुलीला त्या संध्याकाळी अपमान झाल्यासारखं वाटलं. मी तिला एवढंच म्हटलं, तू एकटी राहतेस, उद्या तू ऑफिसात असताना कुणी इथे येऊन 'हे माझं घर' म्हणालं, तर हा माणूस त्यालाही असंच उभं करील. तिला ते पटायला वेळ लागला नाही. तो नंबर तिनं तिथेच घेऊन ठेवला.

कुलूप आपल्याला सुरक्षित ठेवतं, या समजुतीला इतिहासातच एकदा मोठा धक्का बसला आहे. लंडनमध्ये १८५१ साली मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. चब यांचं 'डिटेक्टर' कुलूप तेव्हा अभेद्य मानलं जाई. कुणी छेडछाड केली तर ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं. हॉब्जनं ते अर्ध्या तासाच्या आत उघडलं. दुसरं होतं ब्रामा यांचं. त्यांच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते वर्षानुवर्षं आव्हान म्हणून ठेवलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस. हॉब्जनं सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास काम केलं आणि तेही उघडलं. इंग्लंडभर खळबळ माजली. असलं ज्ञान उघड्यावर आणलं तर चोरांचं फावेल, असं लोक म्हणू लागले. हॉब्जच्या बाजूच्यांचं म्हणणं होतं की चोरांना हे कधीचंच ठाऊक आहे, अंधारात आहेत ते कुलूप विकत घेणारे. मला हे म्हणणं अगदी खरं वाटतं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. तेव्हापासून आपल्याकडे एकाहून एक सरस कुलपं आली. तरी प्रत्येक कुलपाच्या बाहेर ते उघडता येणारा एक माणूस असतोच, आणि असायलाही हवा, नाहीतर किल्ली हरवली की घरच हरवायचं. ती विद्या त्याच्यापाशी असणारच. तो ती कुणासाठी वापरतो आणि कुणाला नाही म्हणतो, यावर आपली झोप अवलंबून आहे.

हे नाही म्हणणं घडतं ओळखीच्या जगात. चौकात वीस वर्षं बसलेल्या माणसाला उद्याही तिथेच बसायचं असतं. त्याचा धंदा लोकांच्या तोंडी असलेल्या नावावर चालतो. रात्री मोबाइलवर शोधून सापडलेल्या नंबरामागे कोण आहे, हे मात्र कळत नाही. 'आपल्या भागात चोवीस तास' असं लिहिलेलं असतं. फोन लागतो तो कुठल्या गावात, देव जाणे. आधी नोंदणीचे दहा रुपये भरा म्हणून एक लिंक येते, किंवा 'सेवेसाठी' एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगतात. ते ॲप आपला पडदा समोरच्याला दाखवू लागतं आणि दहा रुपयांच्या जागी खातं रिकामं होतं. दार तर बंदच असतं. कुलूप उघडून घेण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत, हे अगदी साधं असलं तरी घाबरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तसं काही घडलंच तर १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कुलूपवाल्यांच्या बनावट नोंदी हा जुना उपद्रव आहे. नकाशावर शेजारच्या गल्लीतलं दुकान दिसतं, प्रत्यक्षात तिथे काही नसतं. फोनवर अगदी थोडे पैसे सांगतात आणि दार उघडल्यावर कैकपट मागतात. टेक्सासमधल्या एका कारागिरानं आपल्या नावाची कुणीतरी नक्कल केल्याची तक्रार केली, त्यातून गुगलनं शोध घेतला, नकाशावरच्या दहा हजारांवर खोट्या नोंदी सापडल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीनं न्यायालयात दावा लावला. न्यू जर्सीत आपली मराठी माणसं मोठ्या संख्येनं राहतात. तिथे कुलूपवाल्याला सरकारी परवाना लागतो, टेक्सास आणि कॅलिफोर्नियातही लागतो. माझी भाची एडिसनला असते. तिला तिथल्या शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की येणाऱ्याकडे परवान्याचं कार्ड माग. इंग्लंडात असा कायदेशीर परवाना नाही, पण कुलूपवाल्यांची स्वतःची जुनी संघटना आहे आणि लोक तिचा सभासद शोधतात. आपल्याकडे चावीवाल्याला परवाना नाही आणि परीक्षाही नाही. परवान्यानं सगळं भागतं असं मला म्हणायचं नाही, नाहीतर परवाना असलेल्या टेक्सासात एवढं झालंच नसतं. तरीही या कारागिरांना नगरपालिकेनं एक ओळखपत्र द्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यानं आपली सोय होईलच, पण त्यांची जास्त होईल.

कारण संशयाचा सगळा भार आज त्यांच्यावरच आहे. कपाटाची किल्ली करून देतो म्हणून घरात आलेल्या भामट्यांच्या बातम्या आपण वाचतो. बाईला चावी देऊन "जरा गॅसवर गरम करून आणा" म्हणायचं, ती स्वयंपाकघरात गेली की लॉकरमधले दागिने काढायचे, कुलूप तसंच अडकवून ठेवायचं आणि दोन तास उघडू नका सांगून निघून जायचं. अशा बातमीत कधी कधी पोशाखाचं, पगडीचं वर्णन येतं आणि दुसऱ्या दिवसापासून चौकातल्या माणसाला सोसायट्यांचे वॉचमन फाटकातच अडवतात. चार भामट्यांचा हिशेब एका अख्ख्या समाजाच्या खात्यावर मांडला जातो. हे अन्यायाचं आहे आणि आपल्या कामाचंही नाही, कारण भामटा कुठल्याही वेशात येतो. सावधगिरी कामाच्या रीतीत ठेवावी. कपाट दाखवण्याआधी दागिने आणि पैसे दुसरीकडे हलवावेत. घरात दोघं असताना काम करून घ्यावं आणि एकानं जागचं हलू नये. जमलं तर कुलूपच सोडवून त्याच्या पेटीपाशी न्यावं. केलेल्या आणि बिघडलेल्या सगळ्या चाव्या मागून घ्याव्यात. कसबी माणूस या कशाचाही राग मानत नाही. आमचा चावीवाला तर बिघडलेली चावीसुद्धा समोर ठोकून चपटी करतो आणि मग हातात देतो.

या धंद्यातली सगळ्यात कठीण वेळ कुठली, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. मला वाटलं, तो एखाद्या अवघड कुलपाचं नाव घेईल. तो म्हणाला, "घरातली भांडणं." नवरा बोलावतो आणि म्हणतो, कुलूप बदलून द्या. बायको माहेरी गेलेली असते, परत आल्यावर तिची किल्ली चालायला नको असते. भाऊ बोलावतो, दुसऱ्या भावाच्या खोलीचं कुलूप काढायला. घरमालक बोलावतो, भाडेकरू कामावर गेलेला असताना. यातल्या प्रत्येकाच्या हातात कागद असतो. लाइट बिल त्याच्याच नावाचं असतं, खरेदीखत त्याच्याच नावाचं असतं. "कागद पाहून काम केलं तर मी चुकत नाही," तो म्हणाला, "पण रात्री झोप लागत नाही."

त्याच्या त्या बोलण्यानं मला बरंच काही नव्यानं दिसलं. 'घर कुणाचं' याचं उत्तर मालकीच्या कागदात संपत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा कलम १७ मध्ये स्पष्ट सांगतो की ज्या घरात बाई संसार करते आहे तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कायद्याचा रस्ता सोडून तिला बाहेर काढता येत नाही. भाडेकरूचंही तसंच. कुणाला परस्पर कुलूप बदलून बेदखल केलं, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टप्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावून त्याला ताबा परत मागता येतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच मुळात घेतला जात नाही. तिथे राहत कोण होतं, एवढंच पाहिलं जातं. मात्र रात्री दहा वाजता दाराबाहेर काढलेल्या बाईजवळ कायद्याचं पुस्तक नसतं, आणि लाइट बिलावर तिचं नाव बहुधा नसतंच. अशा वेळी चावीवाल्यानं काय करावं? आमच्या चावीवाल्याचा नेम असा आहे की भांडणाचा वास आला की तो दोन्हीकडून हात आखडता घेतो. नवऱ्याला कुलूप बदलून देत नाही आणि बाईला म्हणतो, "ताई, ११२ ला फोन लावा, पोलीस आले की त्यांच्यासमोर उघडतो, पैसे नकोत." हा नेम त्याला कुणी शिकवलेला नाही. मोठमोठ्या सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नियमपत्रिकेतही इतका नेमका नियम क्वचितच सापडेल.

एवढं सगळं लिहून झाल्यावर हेही म्हणायला हवं की रात्रीच्या चावीवाल्याची गरज जितकी कमी पडेल तितकं बरं. पूर्वी प्रत्येक मजल्यावर एक घर असं असायचं जिथे सगळ्यांच्या किल्ल्या खुंटीवर असत. आता दुसऱ्याची किल्ली ठेवून घ्यायला लोक बिचकतात, काही गेलं तर आळ यायचा म्हणून. ती भीती मला कळते. तरीही शेजारी दोन घरांनी एकमेकांकडे किल्ली ठेवणं यासारखा उपाय नाही, विशेषतः म्हातारी माणसं एकटी असतात तिथे. किल्लीवर नाव-पत्ता मात्र लिहू नये, एखादी रंगीत दोरी पुरते. किल्ली घराबाहेर हरवली आणि तिच्यासोबत पत्ता सांगणारं काही गेलं असेल, तर सबंध लॅच बदलायची गरज नसते. पुष्कळ लॅचमध्ये नुसता सिलिंडर बदलता येतो, हे विचारून घ्यावं. बोटाच्या ठशावर उघडणारी नवी कुलपं आता पुष्कळ घरांत आली आहेत. त्यांचे सेल संपले की तीही माणसाला बाहेर ठेवतात. काहींना बाहेरून नऊ व्होल्टचा सेल टेकवून तात्पुरती जाग आणता येते, पण तो सेल घरातच ठेवलेला असेल तर उपयोग नाही.

आणि चावीवाला निवडायचा तो दिवसाउजेडी, दार उघडं असताना. पेटीपाशी जावं, एखादी जादा किल्ली करून घ्यावी, हात कसा चालतो ते पाहावं. रात्री येता का, कुणी बोलावलं तर काय विचारता, हे सरळ विचारावं. त्याच्या उत्तराला घाई असेल तर पुढच्या चौकात जावं. गेल्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला. आपल्या चावीवाल्याचा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावावा याला सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. वाद झाला तो दुसऱ्या मागणीवर. आमच्या सोसायटीच्या वहीत प्रत्येक फ्लॅटपुढे फक्त मालकाचं नाव होतं, तेही बहुतेक पुरुषाचं. तिथे राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव लिहावं, बायकांचं, सासूबाईंचं, भाड्यानं राहणाऱ्या मुलींचं, असं माझं म्हणणं होतं. रात्री वॉचमनला 'यांना ओळखतोस का' विचारलं तर तो नवीन असला तरी त्याच्या हाताशी काहीतरी हवं. एकांनी विचारलं, भाडेकरूंची नावं कशाला, ते आज आहेत, उद्या नाहीत. दुसऱ्यांनी विचारलं, एवढी माहिती वॉचमनच्या हाती द्यायची का. ही दुसरी शंका योग्य होती. म्हणून फोन नंबर आणि बाकी तपशील सेक्रेटरींच्या कपाटात ठेवायचे आणि केबिनमध्ये नुसती नावं, असं ठरलं. पहिल्या शंकेवर मतदान झालं. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला, आणि आता वही भरायचं काम आम्ही तिघीजणी मजल्यामजल्यावर जाऊन करतो आहोत. तिसरा मजला अजून राहिला आहे.